अण्णांची गाडी आणि सहावं ताट

दुसऱ्याच्या वतीनं जुनी गाडी बघून येणं हा माझा व्यवसाय आहे. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "काकू, तुम्ही काय करता?" आणि मी हे सांगितलं, की समोरचा माणूस एकदा माझ्या साडीकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे ऑनलाइन का?" ऑनलाइन नाही. मी गाडीखाली आडवी होते. अंगात मेकॅनिकचा झगा असतो, पाठीखाली चाकांची फळी आणि हातात टॉर्च. मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या फील्डबद्दल लिहा, पण टेक्निकल नको" असं बजावलं आहे, तेव्हा जेवढं टाळता येईल तेवढं टाळते.

मी बघते त्या बहुतेक गाड्यांना इथे अमेरिकेत मसल कार म्हणतात. साठचं दशक संपता संपता इथल्या कंपन्यांनी एक उद्योग केला. मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत ट्रकला शोभेल असं इंजिन बसवलं आणि ती तरुण पोरांना विकली. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट, वळणावर बेभरवशाची आणि ब्रेक नावापुरते. आत एसी नाही, मागच्या सीटवर माणूस बसेल एवढी जागा नाही. आज त्याच गाडीसाठी शहाणीसुरती माणसं घरदार विसरतात. मॉडेलांची नावं मी मुद्दाम देत नाही. नाव दिलं की शौकीन वाचक गोष्ट सोडून देतात आणि माझ्याशी वाद घालायला फोन करतात.

अमेरिकन गिऱ्हाइकाचं मी समजू शकते. शाळेत असताना शेजारच्या दांडगट पोराकडे ती गाडी होती, याच्याकडे नव्हती, आणि आता रिटायर झाल्यावर याला ती हवी आहे. आपल्या लोकांची गंमत निराळी. ज्याचं बालपण नाशिकला वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभं राहण्यात गेलं, तो टेक्ससातल्या प्लेनोच्या पाच बेडरूमच्या घरात बसून मला सांगतो, "काकू, लहानपणापासून ही कार माझ्या डोक्यात आहे." मी विचारते, बाबा रे, पाहिलीस कुठे? तर रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका मासिकात. जे कधी आपलं नव्हतं त्याचीही माणसाला आठवण येते, आणि अशी आठवण खऱ्या आठवणीपेक्षा जास्त चिवट असते, हे मला या धंद्यात कळलं.

मी यात आले ती गारांमुळे. कोल्हापूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून, लग्न होऊन टेक्ससात आले आणि एका इन्शुरन्स कंपनीत चिकटले. टेक्ससात लिंबाएवढ्या गारा पडतात. त्या पडल्या की गाड्यांना पोचे पडतात आणि ते बघायला माणूस लागतो. उन्हात उभं राहून दुसऱ्याच्या गाडीचे पोचे बघायचं काम कुणालाच नको असायचं, म्हणून ते माझ्याकडे यायचं. बघता बघता हाताला पत्रा कळायला लागला. खरा पत्रा कुठे संपतो आणि रंगाखालची पुट्टी कुठे सुरू होते हे मी डोळे मिटून सांगू लागले. मग कुणीतरी आपली जुनी गाडी दाखवली, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, आणि नोकरी सुटली तरी काम सुटलं नाही.

पद्धत तशी सोपी आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचाही बघण्याचा कार्यक्रम असतो, आणि त्यात यजमान जसे चहा-पोहे पुढे करतात तसे विकणारे चकचकीत बॉनेट पुढे करतात. मी आधी दार उघडून वास घेते. कुबट वास आला की पाणी शिरतं आहे. मग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक कडेकडेनं फिरवते. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग गालिचा उचलून तळ बघते. गाडी खोटं बोलते ती रंगात, खरं बोलते ती तळात. शेवटी नंबर. गाडीच्या अंगावर एक नंबर असतो, आणि त्याच नंबराचे शेवटचे आकडे त्या काळी इंजिनवरही ठोकत. दोन्ही जुळले तर गाडी जन्मापासून त्याच इंजिनची. याला मॅचिंग नंबर्स म्हणतात, आणि ते जुळले की माणसं पत्रिका जुळल्यासारखी खूश होतात.

गिऱ्हाइकं एकेक असतात. सनीव्हेलचा एक चिप डिझाइन करणारा मुलगा, त्यानं मला ओहायोत एक गाडी बघायला पाठवलं. मी विमानतळावर उतरते न उतरते तोच त्याच्या बायकोचा फोन.

"काकू, प्लीज, तुम्ही त्याला सांगा ना की गाडी खराब आहे म्हणून."

"आणि खराब नसली तर?"

"यार काकू, थोडी तरी असेलच ना. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो. कुठे ठेवणार आहे तो ती?"

गाडी खरोखरच सडकी निघाली. तळातून जमीन दिसत होती. मी तसं लिहून दिलं आणि त्यानं ती कॅन्सल केली. बायकोला वाटलं मी तिचं ऐकलं. तेव्हापासून दर दिवाळीला तिच्याकडून अनारसे येतात, मी ते घेते आणि खुलासा करायचा राहून जातो.

डॅलसच्या एका डॉक्टरनं मात्र घेतली. मी पास केलेली, लालभडक, निष्कलंक गाडी. दोन वर्षांनी इन्शुरन्ससाठी परत बघायला गेले तर ती जेमतेम गॅरेजबाहेर आलेली. मी म्हटलं, चालवत नाही का? तर म्हणाला, "चालवली की बिघडेल, काकू. मी रविवारी आत जाऊन बसतो." बायकोनं स्वयंपाकघरातून डोळ्यांनीच मला सांगितलं की हे खरं आहे. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी स्वतः अशी गाडी घेतली नाही त्याचं कारण हेच. आतलं सगळं माहीत झालं की मोह होत नाही. माझ्याकडे साधी पांढरी चार दारी गाडी आहे आणि तिच्याबद्दल मला काहीही वाटत नाही. कधीकधी वाटतं, काहीतरी वाटायला हवं होतं.

आता निखिलची गोष्ट.

निखिल इथेच जन्मलेला, प्लेनोत एका मोठ्या कंपनीत कामाला. मराठी समजतं, बोलायला लागलं की दोन वाक्यांत इंग्रजीवर घसरतो. त्याचे आईवडील न्यू जर्सीला, आयसेलिनमध्ये. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात, आईला मी सुमनताई म्हणते. एका शनिवारी निखिल माझ्याकडे आला आणि त्यानं फोनवर एक जुना फोटो दाखवला. फोटोत अण्णा होते. कल्ले वाढवलेले, बेलबॉटम घातलेली, एका निळ्या मसल कारला टेकून उभे आणि तोंड भरून हसत होते. मी अण्णांना मंडळाच्या अधिवेशनांत पाहिलं आहे. तो माणूस भाषण ऐकतो तेव्हा आणि विनोद ऐकतो तेव्हा चेहरा सारखाच ठेवतो. म्हणून मी फोटो पुन्हा पाहिला.

"मी त्यांना असं कधी पाहिलं नाहीये, काकू," निखिल म्हणाला. "लाइक, नेव्हर. आणि यू नो व्हाय त्यांनी ती विकली? मी झालो म्हणून. दोन दारं होती, मागे बाळ ठेवता यायचं नाही. मी आलो आणि स्टेशन वॅगन आली."

"अरे, सगळ्यांचंच असं होतं."

"आय नो. बट स्टिल."

अण्णांना एक्याऐंशी वर्षं पूर्ण होत होती. सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम घरीच करायचा ठरला होता, आणि त्या दिवशी ती गाडी, तशी नव्हे, तीच, दारात उभी करायची असं निखिलच्या मनात होतं. अण्णांना त्या गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे अजून पाठ आहेत. ते त्यांना एसएससीचा नंबर पाठ आहे तसेच. निखिलनं ते आकडे शौकिनांच्या एका वेबसाइटवर टाकून ठेवले होते, आणि बऱ्याच काळानं पेनसिल्व्हेनियातून एका माणसाचं उत्तर आलं की हे आकडे माझ्या गाडीच्या इंजिनवर आहेत, गाडी निळी आहे, आणि मी ती विकायचा विचार करतो आहे. निखिलनं जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं. फक्त माझी मोहोर हवी होती.

"तीच आहे ना बघा," तो म्हणाला. चांगली आहे ना बघा, असं नाही म्हणाला.

इथे एक सांगते. गाडी चांगली आहे की नाही हे मी छातीठोक सांगू शकते. तीच आहे की नाही, हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता.

न्यू जर्सीत मला दुसरंही एक काम होतं, म्हणून वाटेत आयसेलिनला गेले. अण्णा वाचनालयात गेल्याची वेळ साधली. सुमनताईंना बेत माहीत होता आणि तो त्यांना फारसा पसंत नव्हता. "या वयात त्यांना त्या गाडीत बसवायचं कसं? खाली वाकून उतरावं लागतं," त्या म्हणाल्या. आपल्या दुकानांच्या ओक ट्री रोडवरून आणलेली भाजी निवडत होत्या. मी विचारलं, गाडीची एखादी खूण आठवते का, जी दुसऱ्या कुणाला माहीत नसेल? हरवलेल्या मुलाबद्दल विचारतात तसं मी विचारलं, पण त्याला इलाज नव्हता.

"खूण कसली? माझं ताट आहे त्यात," सुमनताई म्हणाल्या.

मग त्यांनी उठून कपाट उघडलं आणि स्टीलची पाच ताटं दाखवली. प्रत्येकाच्या काठावर आपल्याकडे घालतात तसं नाव घातलेलं: चि. सुमनला आईकडून. लग्नानंतर त्या इकडे आल्या तेव्हा सूटकेसमध्ये साड्यांच्या घड्यांत सहा ताटं आली होती. अण्णा शिकत होते. तेलाची टंचाई झालेली, पेट्रोलसाठी रांगा, आणि पाण्यासारखं पेट्रोल पिणाऱ्या तसल्या गाड्या कुणालाच नको होत्या. अण्णांना ती निळी मिळाली कारण जुन्या गाड्यांच्या लॉटमधली सगळ्यांत स्वस्त तीच होती. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठानं सुमनताई बसायच्या त्या बाजूचा तळ खाल्ला आणि त्यातून चिखल उडून साडीवर यायला लागला. अण्णांनी एके दिवशी घरात नजर फिरवली, स्टेनलेस स्टील गंजत नाही असा इंजिनियरी विचार केला, आणि एक ताट नेऊन भोकावर रिबिटांनी ठोकून टाकलं.

"मी बाजारातून आले तर खाली माझ्या आईचं ताट. जेवायचं ताट हो. त्यात पाय ठेवून बसू?"

"मग काय केलंत?"

"काय करणार? मांडी घालून बसायचे सीटवर. गाडी विकेपर्यंत मांडी घालूनच बसले, आणि पावसात रिबिटांतून पाणी गळायचं ते गळायचंच. लोक बघायचे." भाजीचं देठ त्यांनी जरा जोरात मोडलं. "आणि विकताना मी म्हटलं, ताट काढून घ्या. तर म्हणाले, काढलं तर भोक दिसेल. तेव्हापासून पाचच आहेत. सहावा माणूस जेवायला बसला की मला ते ताट आठवतं."

पेनसिल्व्हेनियातल्या त्या माणसाचं नाव रॉय. सत्तरीच्या पुढचा, शेताच्या कडेला स्वतः बांधलेलं गॅरेज, एक म्हातारा कुत्रा. मी उतरले तेव्हा त्यानं माझ्या मागे कुणी येतंय का बघितलं. मी झगा चढवून फळीवर आडवी झाल्यावर मात्र तो कॉफी करायला गेला.

गाडी सुंदर होती. वास कोरडा, चुंबक सगळीकडे चिकटत होतं, रंग घरी दिला असूनही कुठे ओघळ नाही. इंजिनवरचे आकडे पाहिले. अण्णांचेच. मग गाडीच्या अंगावरचा नंबर पाहिला. तो वेगळाच होता. मग गालिचा उचलला. सुमनताईंच्या बाजूचा तळ सलग होता, कारखान्यातून आला तसा. त्याला कधी भोक पडलेलं नव्हतं.

रॉयनं काही लपवलं नव्हतं, त्याला फक्त कुणी विचारलं नव्हतं. त्याच्याकडे ही गाडी होती, पण इंजिन फुटलेलं. फार वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडे त्याला दुसरी निळी गाडी सापडली. तिचं इंजिन ठणठणीत होतं, बाकी सांगाडा पार सडलेला. इंजिन काढून त्यानं आपल्या गाडीत घातलं आणि सांगाडा तिथेच दाबून पत्र्याचा ठोकळा झाला. वेबसाइटवर त्यानं इंजिनचे आकडे म्हणूनच लिहिलं होतं. निखिलनं ते गाडीचे म्हणून वाचले. आमच्या धंद्यात हा फरक शेंबडं पोरही सांगेल, पण निखिल त्या वेळी धंद्याच्या नजरेनं वाचत नव्हता.

"तिचा तळ तुम्ही पाहिला होता?" मी रॉयला विचारलं.

"तळ होताच कुठे," तो म्हणाला. "सगळा गेला होता. फक्त ती एक वस्तू राहिली होती. तिला काही झालं नव्हतं." आणि त्यानं कपबशा ठेवतात तशा फळीकडे बोट केलं.

फळीवर सुमनताईंचं ताट होतं. त्यात वॉशर आणि नट भरलेले होते. रॉयनं ते का काढून आणलं हे त्यालाही नीट सांगता आलं नाही. एवढ्या सडलेल्या गाडीत एवढी चांगली वस्तू कुणी बसवली याचं त्याला नवल वाटलं होतं, आणि काठावरची अक्षरं कुठली आहेत हे त्यानं बऱ्याच जणांना विचारलं होतं. मी त्याला वाचून दाखवलं. आईनं मुलीला दिलं आहे, असं सांगितलं. "जेवायचं आहे?" त्यानं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर त्यानं नट उपसायला सुरुवात केली. मी माझा स्टीलचा डबा त्याला दिला. वॉशरना कुठेतरी राहायला हवंच होतं.

जाता जाता त्याला एक गोष्ट सांगायचं मी टाळलं. स्टेनलेसचा तुकडा साध्या पत्र्याला जोडला आणि त्यावर मिठाचं पाणी पडत राहिलं, तर साधा पत्रा आणखी लवकर सडतो. अण्णांनी गाडी वाचवायला जे ठोकलं त्यानंच तिचा तळ लवकर गेला असणार. हे मी अण्णांनाही सांगितलेलं नाही. ते हा अंक वाचत असतील तर आता कळेल.

मोटेलवर जाऊन निखिलला फोन केला. इंजिन अण्णांचं आहे, गाडी नाही. अण्णांची गाडी राहिलेली नाही.

त्यानं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "सो इज इट हिज कार ऑर नॉट?"

"इंजिन त्यांचं आहे."

"काकू, मी तुम्हाला यस ऑर नो विचारतोय."

"मग नो."

"तुम्ही फक्त यस म्हटलं असतं तर?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "हू वुड नो? बाबा तळ चेक करणार आहेत का?"

"तू करशील," मी म्हटलं. "बसशील तेव्हा प्रत्येक वेळी."

त्याला ते आवडलं नाही, आणि आवडावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. या धंद्यात मी किती जणांचा विरस केला याची गणती नाही. बहुतेकांचा केला याचं मला काही वाटत नाही, त्यांचे पैसे वाचले. निखिलचं वाटलं. त्याला गाडी नको होती. त्याला अण्णांचा तो फोटोतला चेहरा एकदा समोर हवा होता, आणि मी त्याला पत्र्याचा हिशेब सांगत होते. फोन ठेवताना तो एवढंच म्हणाला, की निदान इंजिनचा आवाज तरी रेकॉर्ड करून पाठवा. मी सकाळी परत रॉयकडे गेले. त्यानं गाडी बाहेर काढून चालू केली, कुत्रा उठून लांब जाऊन बसला, आणि मी आवाज भरून घेतला. आवाज खरोखर जबरदस्त होता, पोटात कळतो असा.

ताटाबद्दल मी निखिलला बोलले नाही. ते ज्यांचं होतं त्यांच्याकडे जायचं होतं.

सहस्रचंद्रदर्शनाला मला बोलावलं होतंच. आदल्या दिवशी ताट सुमनताईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, काठावरचं नाव अंगठ्यानं चोळलं. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "काय अवस्था केली आहे," आणि ते घेऊन सिंककडे गेल्या. घासणी, चिंच, परत घासणी. मी दिवाणखान्यात बसून पाण्याचा आवाज ऐकत होते. तो बराच वेळ थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी होम झाला, दिव्यांनी ओवाळणं झालं, पाहुणे कागदी ताटल्यांत जेवून गेले. घरची माणसं राहिली: अण्णा, सुमनताई, निखिल, त्याची बायको, त्याची कॉलेजातली मुलगी आणि मी. पानं मांडली जात होती तेव्हा निखिल अण्णांच्या शेजारी जाऊन बसला.

"बाबा, एक ऐकवतो. गेस करा."

त्यानं फोन अण्णांच्या कानातल्या मशीनजवळ धरला. इंजिन सुरू झालं, गुरगुरलं, रॉयनं पाय दाबल्यावर गर्जलं. अण्णा मान कलती करून नीट ऐकत होते. मी निखिलकडे बघायचं टाळलं. आवाज संपला.

"छान आहे," अण्णा म्हणाले. "कुणाची?"

निखिलनं फोन खिशात ठेवला. "एका फ्रेंडची," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "अण्णा, तुमची निळी गाडी होती ना? तिची आठवण येते का?"

"आठवण कसली? सगळ्यांत स्वस्त होती म्हणून घेतली. रस्त्यात बंद पडायची. हा झाला तेव्हा मला निमित्तच मिळालं, सुटलो एकदाचा." त्यांनी निखिलच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जरा थांबून म्हणाले, "पण सुरू केली की सगळ्या बिल्डिंगला कळायचं, मी निघालो म्हणून." निखिल त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

तेवढ्यात सुमनताईंनी पानं मांडली. सहा ताटं. पाच झिजून मऊ झालेली आणि एक चरे पडलेलं, तळाला कडेकडेनं रिबिटांची भोकं. ते त्यांनी अण्णांसमोर ठेवलं.

अण्णांनी ते उचललं. डोळ्यांजवळ नेऊन काठावरचं नाव वाचलं, मग भोकांवरून बोट फिरवलं, एकेका भोकावरून. मग बायकोकडे पाहिलं.

"सापडलं का," ते म्हणाले.

"सापडलं."

"हे काय आहे?" निखिलनं विचारलं, आणि सुमनताईंनी त्याला सगळं सांगितलं, चिखल, ताट, मांडी, सगळं, एकदाही अण्णांकडे न बघता. मी रॉयची फळी आणि नट सांगितले. निखिलनं इतकी वर्षं तो फोटो पाहिला होता, पण त्या फोटोतल्या गाडीच्या तळाशी काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"दॅट वन इज माइन," तो म्हणाला आणि त्यानं अण्णांसमोरचं ताट ओढून घेतलं.

"अरे, पाय लागलेलं आहे त्याला," सुमनताई म्हणाल्या.

"तुझे नाही लागले ना? तू मांडी घालून बसलीस."

सुमनताईंनी भाताचं भांडं पुढे ओढलं. त्यांनी भात वाढला, त्यावर वरण घातलं. आपल्या मुलानं कसं जेवावं याच्या त्यांच्या काही कल्पना आहेत, म्हणून वरण भरपूर घातलं. निखिलनं मांडी घालून ताट मांडीवर घेतलं. वरण ताटभर पसरलं, कडेला पोचलं, आणि एका भोकातून त्याच्या नव्या पांढऱ्या लेंग्यावर गळायला लागलं. मग दुसऱ्यातून.

अण्णा थोडे पुढे झुकले आणि त्यांनी ते बारकाईनं पाहिलं.

"तेव्हाही तिथूनच गळायचं," ते म्हणाले.

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग तोंड, मग सगळा माणूस. कल्ले नव्हते, दात कवळीचे होते, पण मी तो फोटो पाहिलेला होता. सुमनताई फडकं घेऊन उठल्या, "अरे ते ताट सरळ धर," म्हणाल्या. निखिलनं धरलं नाही. वरण लेंग्यावर गळत होतं आणि तो अण्णांकडे बघत बसला होता.